दोन विषय, एक तास

आईचं काम शहरातल्या बसगाड्यांचं वेळापत्रक लावायचं. आगाराच्या पहिल्या मजल्यावर तिचं टेबल, त्यावर टेबलाएवढाच चौकटींचा कागद आणि कानावर कायम पेन्सिल. तिची पद्धत उलटी होती. गाडी शेवटच्या थांब्यावर कधी पोचली पाहिजे ते आधी ठरवायचं आणि तिथून मागे मागे येत सुटायची वेळ काढायची. बावीस वर्षांत तिच्या कागदावर दोन गाड्या एकाच वेळी एका फलाटावर आल्या नव्हत्या. हे ती कुणी न विचारताही सांगायची.

लेकीचं आयुष्यही तिने असंच लावलं होतं. लेक आठ वर्षांची असताना पंख दुखावलेलं कबुतर बुटांच्या खोक्यातून घरी घेऊन आली आणि "मी जनावरांची डॉक्टर होणार" म्हणाली. झालं! आईने तिथून मागे मोजायला घेतलं. चोविसाव्या वर्षी दवाखाना, म्हणजे अठराव्या वर्षी प्रवेश, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत जीवशास्त्र हवंच. स्वयंपाकघरात तक्ता लागला. आगारातले चालक तिला "काय डॉक्टरांच्या आई" अशी हाक मारू लागले. ती वरवर "पुरे हं" म्हणायची आणि मनातून फुलायची.

खरं सांगायचं तर लेकीचं लक्ष तेव्हाही कबुतरापेक्षा खोक्यावरच जास्त होतं. झाकणाला तिने कापडी पट्टीची बिजागरी लावली होती. घरात तिला खुडबुडीच म्हणत. डुगडुगणारं स्टूल, अडकणारा ड्रॉवर काहीही दिसलं की ही मांडी घालून बसलीच तिथे. आता ती पंधराची झाली होती आणि शेवटच्या दोन वर्षांचे विषय निवडायचे होते.

गणित, रसायन, जीवशास्त्र, सुतारकाम, असे चार विषय तिने अर्जात भरले. सुतारकाम वाचून आईच्या कपाळाला जराशी आठी पडली, पण "असू दे, तेवढाच विरंगुळा" म्हणून तिने सही ठोकली.

सोमवारी अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा होता: जीवशास्त्र व सुतारकाम एकाच तासाला. उद्या दुपारी बारापर्यंत एकच ठेवून कळवावे.

"मग आता एक सोडावाच लागेल ना," खुडबुडी म्हणाली. आवाजात दुःख औषधालासुद्धा नव्हतं. आईच्या ते लक्षातच आलं नाही.

"सोडायचा कशाला? दोन गाड्या एका फलाटावर आल्या म्हणून कुणी गाडी रद्द करतं का?"

"आई, ते शाळेचं वेळापत्रक आहे."

"वेळापत्रकच आहे ना? मग झालं तर!"

दुसऱ्या दिवशी आईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नऊच्या ठोक्याला शाळेच्या कार्यालयात जाऊन बसली. "बाई, हे बदलत नसतं. आठ वर्षं असंच चाललंय," कारकून हाताची घडी घालून म्हणाला. आईने कानावरची पेन्सिल काढली. व्यायामाचा तास तिने जेवणाच्या सुटीआधी नेला, इतिहासाच्या सरांना दुपारी ढकललं, प्रयोगशाळा रोज सकाळी मोकळी केली. दहा वाजेपर्यंत कारकुनाची घडी सुटली. साडेदहाला तो स्वतः चहा घेऊन आला आणि "मग सातवीच्या गणिताचं काय करता बोला" म्हणून कोपरं टेकून बसला. मुख्याध्यापिकांनी कागद दोनदा वाचला. दोन वर्गांचे फुकट जाणारे तासही मार्गी लागले होते. "करून टाका," त्या म्हणाल्या.

कोरा अर्ज घेऊन आई जवळजवळ पळतच बाहेर आली. मधली सुटी झाली होती. कार्यालयाबाहेरच्या बाकाजवळ खुडबुडी उभी होती.

"जमलं! दोन्ही! जीवशास्त्र रोज सकाळी ताज्या डोक्याने, आणि गुरुवारी सुतारकामाचे दोन तास सलग!" बोलता बोलताच तिने चारही विषय अर्जावर भरले.

खुडबुडी बाकावर बसली आणि रडायला लागली.

"अगं वेडे, आईचे आभार असे मानतात का?"

"आई, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"दोन्ही एकाच तासाला आहेत ते. आठवडाभर फलकावर लागलंय. मी बघूनच लिहिलं. म्हटलं, शाळाच म्हणेल एक सोडा. मग मी जीवशास्त्र सोडलं असतं, आणि मला तुला सांगावं लागलं नसतं."

आई तिच्या शेजारी बसली. पोरीला वेळापत्रक किती छान वाचता येतं, हा तिच्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा काळजाला लागला. एवढी हुशारी पोरीने आपल्याला चुकवायला वापरली होती.

"मला घाबरतेस?"

"नाही गं. पण आगारात आले की सगळे काका मला डॉक्टर म्हणतात. तेव्हा तू इतकी खूश असतेस..."

"आणि सुतारकाम करून पुढे काय?" नको नको म्हणताना आईच्या तोंडून निघून गेलंच.

"माहीत नाही. खुर्च्या करायला आवडेल. त्याच्या पुढचं खरंच नाही माहीत."

शेवटचा थांबा माहीत नसलेली गाडी आईने बावीस वर्षांत कधी सोडली नव्हती. कारकुनाने दारातून डोकं बाहेर काढलं. "बाई, बाराला सात मिनिटं."

आईने जीवशास्त्रावर पेन टेकवलं, आणि उचललं. पेन तिने लेकीपुढे धरलं.

"तूच खोड. पण आधी तोंडाने म्हण. मला ऐकू दे."

खुडबुडीने डोळे पुसले. "मला जीवशास्त्र नको, आई."

आणि तिने अशी काही रेघ ओढली की कागद फाटला, पेन आरपार जाऊन बाकावर उमटलं. आई त्या फाटलेल्या रेघेकडे बघत राहिली.

"कधीपासून गं?" तिने हळूच विचारलं.

"पाचवीपासून," खुडबुडी म्हणाली, आणि नाक पुसत अर्ज द्यायला आत गेली.