पहिल्या पानाचे इशारे

कचेरीत तिला सगळे सूनबाई म्हणत, कारण तिची खुर्ची आधी तिच्या सासऱ्यांची होती. बसचालकांच्या पाळ्या लावणारा, मेनफ्रेम या कचेरीच्या मोठ्या संगणकावरचा जुना प्रोग्रामही त्यांच्याच हातचा. मंगळवारी असेम्बलरची, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाची, नवी आवृत्ती आली आणि त्या प्रोग्रामवर दोनशे तेरा इशारे पडले. सगळ्यांचं रडगाणं एकच: ही ओळ मेमरीच्या पहिल्याच पानावर जातेय, ते पान यंत्रणेचं आहे, खरंच तिथे जायचंय का?

"बंद करून टाक ते इशारे," साहेब म्हणाले. "सोय असते म्हणे."

"असते. पण त्यातला एखादा खरा निघाला तर?"

"इतकी वर्षं चाललंय ना? झालं तर मग!"

घरी त्याहून कहर. "मुद्दाम लिहिल्यात त्या ओळी," सासरे कडाडले. "यंत्रणेची माहिती त्या पानावरूनच घ्यावी लागते. कालचं पोर ते असेम्बलर, मला शिकवतंय!"

"दोनशे तेराच्या दोनशे तेरा मुद्दाम, बाबा?"

"सगळ्या."

तिने कपाळाला हात लावला. मग तीन दिवस एकेक ओळ तपासत बसली. ओळ खरोखरच त्या पानासाठी असली की प्रोग्राममध्ये तसं रीतसर सांगायचं, म्हणजे तेवढा इशारा गप्प. मान धरली, डोळे चुरचुरले. शंभर झाल्या, दीडशे झाल्या. म्हातारा दर वेळी बरोबर निघत होता, आणि तिला त्याचीच जास्त चीड येत होती.

एकशे सत्त्याऐंशीव्या ओळीत चालकाचे तास आठ या आकड्याशी ताडून पाहायचे होते. पण आठच्या आधीचं '=' हे चिन्ह राहून गेलं होतं. त्यामुळे यंत्र आठ हा आकडा न घेता मेमरीच्या त्याच पहिल्या पानावरच्या आठव्या पत्त्यावर जाई आणि तिथे पडलेला भलताच मोठा आकडा उचली. आठ तासांची मर्यादा कधी लागूच झाली नव्हती! चालकांना अकरा-अकरा तासांच्या पाळ्या लागत, आणि बोलणी खाई ती पाळ्यांची कारकूनबाई.

संध्याकाळी तिने कागद सासऱ्यांपुढे आपटला. त्यांनी चष्मा लावला. ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"ती बाई दोनदा आली होती माझ्याकडे," ते हळूच म्हणाले. "तूच आकडे चुकीचे भरतेस म्हणून मी तिलाच झापलं." "ओरड की आता."

तिने तीन दिवस साठवलेलं सगळं ओठांवर आलं होतं. "ओरडायला वेळ कुठंय, बाबा? अजून सव्वीस राहिल्यात. सरका जरा."

जेवणं होईपर्यंत दोघांनी त्या संपवल्या. सव्वीसही मुद्दामच्या निघाल्या, पण या वेळी सासऱ्यांनी तसं बोलून दाखवलं नाही.

सकाळी ते तिच्याबरोबर कचेरीत आले, थेट कारकूनबाईंच्या टेबलाशी. चूक कबूल केली.

"सांगत होते ना मी!" बाई उसळल्या. चांगली पंधरा मिनिटं त्यांनी चारचौघांत सासऱ्यांची हजेरी घेतली. ते मान खाली घालून उभे. शेवटी दम लागला तशी बाईंनी पायानेच एक खुर्ची त्यांच्याकडे ढकलली आणि पुढच्या आठवड्याच्या, त्या चुकीच्या ओळीनेच लागलेल्या पाळ्यांचा गठ्ठा समोर टाकला.

"बसा. एकूण एक नाव तपासायचं."