उघड्या फ्रीजचा प्रश्न

“बाई, हा प्रश्न काढून टाका,” मुख्याध्यापक कागदावर बोट ठेवून म्हणाले. “गेल्या वर्षी निम्म्याहून जास्त पोरं चुकली. दिसायला किती वाईट दिसतं!”

“सर, सगळ्यांना येतो तो प्रश्न विचारायचाच कशाला?” मी म्हटलं. “आज तासाला येऊन बसा, मग काय ते ठरवा.”

प्रश्न साधाच: बंद खोलीत फ्रीजचं दार दिवसभर उघडं ठेवलं, तर खोलीचं काय होईल? अ, तापेल. ब, गार होईल. क, काहीच फरक पडणार नाही. चुकीचे पर्याय बसल्या जागी रचून चालत नाही. कुणीतरी मनापासून दिलेलं चुकीचं उत्तर घ्यावं लागतं, तरच पोरं विचारात पडतात. माझा ‘ब’ आमच्या ह्यांचा होता. उन्हाळ्यात शिलाई मशीनवरून उठायचे, फ्रीज उघडून समोर स्टूल टाकायचे आणि डोळे मिटून बसायचे.

“अहो, खोली उलट तापते अशानं!”

“तू पोरांना शिकव. मला गार वाटतंय बघ.”

“तुम्हाला ना, काही म्हणजे काही कळत नाही!” म्हणत मी दार आपटत असे. ते पुढे काहीतरी सांगायला तोंड उघडायचे. मेलं, एकदाही ऐकून घेतलं नाही मी. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. हा प्रश्न गेला, की त्यांचं उत्तर द्यायला कुणी उरणार नव्हतं.

दुपारचा तास. पंखे संथ फिरत होते, ऊन बाकांवर पेंगत होतं. सर शेवटच्या बाकावर बसले. पोरांनी हातातल्या छोट्या रिमोटची बटणं दाबली आणि पडद्यावर मतांच्या पट्ट्या उगवल्या. चाळीसपैकी सव्वीस ‘ब’वर! मी त्या उंच पट्टीकडे बघतच राहिले. एवढी माणसं ह्यांच्या बाजूची! असते तर कॉलर ताठ केली असती.

“आता शेजाऱ्याशी भांडा,” मी म्हटलं.

“अरे, फ्रीजच्या मागे हात लावून बघ, केवढं गरम असतं!”

“आणि मोटर थांबणारच नाही, ती उष्णता जाणार कुठे?”

पुन्हा बटणं. ‘ब’ची पट्टी हळूहळू खाली गेली. बाई म्हणून आनंद झाला, पण जीव तुटला. एकोणचाळीस ‘अ’. एक ‘ब’.

“वा, बाई! राहू द्या प्रश्न,” सर मागून म्हणाले.

“तो एक कोण?” मी विचारलं.

खिडकीजवळची चष्मेवाली उठली. वर्ग खिदळला.

“गप्प बसा रे. तू बोल बाळा. का?”

“खोली तापेल, ते कळलं बाई. पण दारासमोर कुणी बसलं असेल, त्याला तर गारच वाटणार ना? त्याचं कुणी विचारलंच नाही.”

“नाही विचारलं,” मी म्हटलं आणि कोरा फळा पुसायला वळले.

घरी आले ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून फ्रीज उघडला. स्टूल ओढलं. थोड्या वेळाने मोटर गुरगुरायला लागली. खोली तापत होती, आजच तर शिकवलं होतं. मी डोळे मिटले. गार वाटत होतं.