दीपपालाचा शेवटचा शॉट

सिद्धेश्वर धरणाच्या खाली, पूर्णेच्या पात्रातल्या काळ्या खडकांवर त्या दिवशी परग्रह उतरला होता. चंदेरी पत्र्याच्या तीन झोपड्या, प्लास्टिकच्या नळ्यांचं जंगल आणि मधल्या सगळ्यांत उंच खडकावर दगडासारखा रंगवलेला थर्माकोलचा मनोरा. दर शनिवारी टीव्हीवर लागणाऱ्या एका विज्ञानमालिकेचा भाग तिथं चित्रित होत होता. दिग्दर्शक नचिकेत मूळचा वसमतचा. शाळेच्या सहलीत पाहिलेले हे खडक पंचवीस वर्षं त्याच्या डोक्यात बसले होते.

परवानगीच्या कागदावर धरणाची कनिष्ठ अभियंता आकांक्षा खिल्लारे हिची सही होती. चार वाजता पात्र रिकामं झालंच पाहिजे, आणि मधेच पाणी सोडायची वेळ आली तर सांगितल्या क्षणी निघायचं, ही अट तिनंच घातली होती. सप्टेंबर संपत आला होता, धरण काठोकाठ होतं. म्हणून ती सकाळपासून स्वतः खाली उभी होती. खरं सांगायचं तर तिला बघायचंही होतं. परग्रहाच्या मालिका ती कॉलेजात असल्यापासून चुकवत नसे, आणि आता परग्रह तिच्याच हद्दीत आला होता.

सकाळीच घोळ झाला. म्हाताऱ्या दीपपालाचं काम करणारा नट हिंगोलीच्या लॉजवर तापानं फणफणला. नचिकेत डोकं धरून बसला असताना समोर विष्णुपंत नारळ फोडत होते. काठावरच्या महादेवाच्या देवळात एक्केचाळीस वर्षं पूजा करणारे हे गृहस्थ मुहूर्ताच्या पूजेपुरते आले होते. वारं सुटलं होतं, तरी निरांजनाभोवती त्यांनी धरलेल्या ओंजळीत ज्योत हलत नव्हती. नचिकेत ते बघत राहिला आणि तिथंच त्यानं त्यांना, दीपपाल व्हाल का, असं विचारलं.

विष्णुपंतांनी गोष्ट ऐकून घेतली. एका काळोख्या ग्रहावर माणसांची वस्ती अडकली आहे. आपल्या पूर्वजांचं यान दिवा बघून परत येईल, या श्रद्धेनं दीपपाल आयुष्यभर मनोऱ्यावरचा दिवा तेवत ठेवतो. मग हवा संपत येते. वस्तीचा कॅप्टन हुकूम देतो की सगळ्यांनी डोंगरापलीकडच्या गुहेत चला. दीपपाल नकार देतो आणि दिव्यापाशीच मरतो.

विष्णुपंतांनी एवढंच विचारलं, की हा माणूस खरी भक्ती करतो की दाखवायला. खरी, असं नचिकेतनं सांगितल्यावर त्यांनी मनोऱ्यातला विजेचा बल्ब काढायला लावला. देवळातून एक जादाचा पितळी दिवा आणला, तुपाची वात लावली, हात जोडले आणि मगच अंगावर तो चंदेरी अंगरखा चढवला.

दुपारी जेवताना आकांक्षानं त्यांना छेडलं. तिला दीपपालाचं वागणं पटलं नव्हतं. कॅप्टन माणसं वाचवून राहिला आणि हा दिवा धरून बसला, याला काय म्हणायचं, असं तिचं म्हणणं. विष्णुपंत रागावले नाहीत. ज्याच्यासाठी माणूस चाळीस वर्षं पहाटे उठला, ते एका हुकमावर टाकून द्यायचं असेल तर त्या चाळीस वर्षांना अर्थ काय राहिला, असं त्यांनी शांतपणे विचारलं. तिला ते पटलं नाही.

पावणेतीनला तिचा फोन वाजला. वरच्या भागात जोरदार पाऊस झाला होता, वरच्या येलदरी धरणातून पाणी वाढवलं होतं. साडेतीनला दरवाजे उचलायचे होते. तिनं घड्याळ बघितलं. पात्रात साठ माणसं होती.

तिनं मदतनिसाच्या हातातला कर्णा जवळजवळ ओढूनच घेतला आणि सगळ्यांना काठावर जायला सांगितलं. नचिकेत धावत आला. फक्त दीपपालाच्या मरणाचा शॉट राहिला होता, त्याला पाच मिनिटं हवी होती. ती नाही म्हणाली. त्यानं हात जोडले. ती पुन्हा नाही म्हणाली आणि त्याच्याकडे पाठ करून माणसं मोजायला लागली. धरणावरचा भोंगा सुरू झाला तशी धांदल उडाली. दिवे, पेट्या, तारा, खुर्च्या डोक्यावर घेऊन लोक काठाची चढण चढायला लागले. कॅमेरा सांभाळणारी पुनम सगळ्यांत आधी वर पोचली. तिनं कॅमेरा पुन्हा तिवईवर लावला आणि लांबचं भिंग मनोऱ्याकडे वळवलं.

तीन वीसला एकोणसाठ माणसं वर होती. मनोऱ्यापाशी विष्णुपंत दिव्यासमोर मांडी घालून बसले होते.

आकांक्षा परत खाली पळाली. खडकावरून खडकावर उड्या टाकत ती मनोऱ्याखाली पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. वर दरवाज्यांपाशी तातेराव होता, वीस वर्षं तेच काम करणारा. पाणी चढून राहिलंय बाई, थांबता येणार न्हाई, असं तो सांगत होता. पात्र मोकळं झाल्याचं मी कळवीन, तोवर बटणाला हात लावू नको, असं तिनं त्याला बजावलं. पण वेळ तिच्या हातात नव्हती हे तिलाही ठाऊक होतं. पाणी कुणासाठी थांबत नव्हतं, आणि उशीर झाला तर पुढं एकदम जास्त सोडावं लागलं असतं, खालच्या गावांच्या अंगावर.

भोंग्याच्या आवाजात ऐकू जावं म्हणून तिनं कर्णा तोंडाला लावला.

"विष्णुपंत काका, वर चला. हा माझा हुकूम आहे."

ते जागचे हलले नाहीत. "तू जा पोरी. मी हात जोडून दिवा लावलाय. तो सोडून मी उठत न्हाई."

तिला त्यांचा दंड धरून ओढावंसं वाटलं. पण सत्तरीतला माणूस, निसरडा खडक, ओढाताणीत दोघंही पडले असते. मग तिची नजर त्या पितळी दिव्यावर गेली. वीतभर उंचीचा, कुणालाही उचलता येईल असा.

"सोडा म्हणत न्हाई मी," ती कर्ण्यातूनच म्हणाली. "घेऊन चला."

विष्णुपंतांनी तिच्याकडे बघितलं. मग दिव्याकडे. एक्केचाळीस वर्षं गाभाऱ्यातला दिवा एकाच कोनाड्यात होता. लावून ठेवलेला दिवा जागचा हलू शकतो हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. ते वाकले, दिव्याला नमस्कार केला, दोन्ही हातांनी तो उचलला आणि उभे राहिले.

मग ते निघाले. पुढं विष्णुपंत, चंदेरी बाहीच्या आडोशाला ज्योत धरून. मागं, खडकांना हात टेकत, त्यांच्या आड वाकून आकांक्षा, पाय कुठं टाकायचा ते सांगत. एकदा त्यांचा पाय घसरला. ती पुढं झेपावली, पण त्यांनी गुडघ्यावर तोल सावरला. गुडघा फुटला, तूप हातावर सांडलं, ज्योत निळी होऊन वातीला चिकटली. ज्योत पुन्हा सरळ झाली, तसे ते उठले आणि चढणीला लागले. वरून चारपाच हात पुढं आले आणि त्यांना उचलूनच काठावर घेतलं.

आकांक्षानं पात्रावर शेवटची नजर टाकली आणि तातेरावला निरोप दिला. तीन एकतीस झाले होते. दरवाजे उचलले, पांढरं पाणी गर्जत खाली आलं आणि बघता बघता झोपड्या गेल्या, नळ्या गेल्या, मनोरा आडवा होऊन वाहत गेला. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा काठ टाळ्यांनी भरून गेला.

नचिकेत मात्र दगडावर बसून होता. शेवट गेला, सेट गेला. पुनमनं त्याला हाताला धरून कॅमेऱ्यापाशी नेलं आणि छोट्या पडद्यावर तिनं टिपलेलं दाखवलं. त्यानं ते तीनदा बघितलं. मग आकांक्षाकडे येऊन, कर्ण्यातून आलेला तिचा आवाज वापरू का, असं त्यानं विचारलं. कॅप्टनच्या तोंडी पुण्याच्या नटाचा आवाज घालायचं ठरलं होतं. आता तो विचार त्यानं सोडला होता, आणि दीपपालाचं मरणही.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, संध्याकाळी सातला, धरणाच्या वसाहतीतल्या सभागृहात सगळे टीव्हीसमोर जमले. आकांक्षाची आई पंचफुला पहिल्या रांगेत होती. पडद्यावर काळोखा ग्रह आला, मनोरा आला, आणि हिंगोलीच्या बोलीत कॅप्टनचा आवाज घुमला. घेऊन चला. पंचफुलानं वळून लेकीकडे बघितलं आणि पदर डोळ्याला लावला. तो आवाज आपला आहे हे आकांक्षाला क्षणभर ओळखूच आलं नव्हतं.

भाग संपला आणि वाद पेटला. तातेरावच्या मते दीपपालानं हुकूम पाळला. वसाहतीतला रतनसिंग मास्तर म्हणाला की त्यानं देव पाळला. दोघंही ऐकेनात. शेवटी लोक विष्णुपंतांकडे वळले. ते अजून रिकाम्या पडद्याकडे बघत होते.

"त्या वेळी मला काईच सुचून राहिलं न्हवतं," ते म्हणाले. "हिनं सांगितलं, ते बराबर वाटलं. म्हणून उठलो."

आकांक्षा त्यांच्या शेजारी येऊन बसली. नेटवरून पुन्हा एकदा लावा, असं मागून कुणीतरी म्हणालं, आणि कुणीच जागचं उठलं नाही.