एकोणतीस फेब्रुवारी

रक्ताच्या नळीवरच्या चिकटपट्टीवर नाव नव्हतं, दात्यांच्या नळ्यांवर नसतंच — फक्त क्रमांक, आणि त्याखाली जन्मतारीख : एकोणतीस फेब्रुवारी. तिचा अंगठा त्या तारखेवर तसाच राहिला... चार वर्षांनी एकदाच मोठा होतो म्हणून दादाला सगळे चिडवायचे, आणि तो खरंच चिडायचा. पण या तारखेला जन्मलेला तो एकटाच थोडा असणार.

वॉर्डातून प्रयोगशाळेत सकाळपासून हा तिसरा फोन. दोन दिवसांचं बाळ, अंगभर जांभळे ठिपके. त्याच्या प्लेटलेटवर बापाकडून आलेली ‘अ’ खूण आईच्या रक्ताला परकी, म्हणून पोटात असल्यापासूनच आईचं रक्त त्या प्लेटलेट मारत आलेलं. ज्याच्याकडे ती खूण मुळीच नाही असाच दाता हवा. “डोक्यात रक्तस्राव झाला तर...” डॉक्टरांनी वाक्य अर्धंच सोडलं.

तपासणी यंत्राच्या पडद्यावर रेषा चढू लागल्या. पडताळणीसाठी नेहमीप्रमाणे तिचा स्वतःचा नमुना शेजारी — त्यात अ आणि तिची जोडीदार खूण ब, दोन्ही. दात्याच्या नमुन्यात ब तेवढी चढली; अ तळाशीच सरपटत राहिली. म्हणजे दादा नव्हे... पण सख्ख्या भावंडांत हे वेगळं निघू शकतं, नव्या मुलींना तीच तर शिकवते. आई गेली त्या दिवशी, आजारपणभर नुसते फोनवरून सल्ले देणाऱ्या दादाला — तू या घरचा नाहीसच, तुझ्यात आमचं रक्तच नाही — ती म्हणाली होती. सात वर्षं झाली.

नियमाप्रमाणे तिने चाचणी पुन्हा लावली आणि खालच्या मजल्यावर, रक्तपेढीत फोन केला. क्रमांक सांगितला. “यांना बोलावून ठेवा. बहुतेक जुळतंय.”

“ते काका होय? येतील की. पाच वर्षं महिन्याच्या महिन्याला येतात,” तिथली बाई म्हणाली. “मागे विचारत होते, वरच्या प्रयोगशाळेत कोण कोण असतं म्हणून.”

“मग? काय सांगितलंत?”

“मी कुणाला ओळखते वरचं? तर हसले, म्हणाले, असू दे.”

पाच वर्षं. एका जिन्याचं अंतर. तो माझ्यासाठी येत होता, की नुसतं रक्त द्यायला — आणि माझ्यासाठी, तर वर का नाही आला? की हे कुणी भलतेच काका, आणि मीच उगाच...

दुसऱ्यांदाही तेच निघालं. तिने सही केली. तासाभराने खालून निरोप आला : काका आले, प्लेटलेट काढायला घेतल्या, बाळाला दुपारपर्यंत मिळतील. बरं, म्हणत तिने फोन ठेवला आणि तिला हलकं वाटायला हवं होतं.

पण आता ते वाक्यच हाताला लागेना. त्या दिवशी दादा दारात पाठमोरा चपला घालत होता, एवढं स्वच्छ दिसत होतं. तुझ्यात आमचं रक्तच नाही — हे ती मोठ्याने बोलली होती, की ओठांवर आलेलं गिळलं होतं, आणि मग इतकी वर्षं मनात घोळवून बोलल्यासारखंच झालं होतं? तिला काही केल्या ठरवता येईना. हे सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो बहुधा आत्ता तिच्या पायांखालच्या मजल्यावर, हात लांब करून पडला होता.