आठव्या टर्नचा संशय

माझ्या वयाच्या बायका नवऱ्याच्या फोनवर संशय घेतात. मी माझ्या नवऱ्याच्या बैलगाड्यांवर घेतला.

गाड्या पुठ्ठ्याच्या, मीच कापलेल्या. मागच्या बदलीच्या सामानाबरोबर आलेल्या प्लायवर मी षटकोनी घरांचा नकाशा आखला होता. मधे वेढा पडलेला एक किल्ला, वाटेत घाट आणि नदी. एका खेळाडूने धान्याच्या गाड्या किल्ल्यात पोचवायच्या, दुसऱ्याने वाटेत त्या जाळायच्या. दोघांनी एकेकदा फासे टाकून आपली माणसं हलवली की एक टर्न झाला. आठ टर्नमध्ये धान्य पोचलं नाही तर किल्ला पडला.

रविवारी हा डाव मोहालीच्या बोर्डगेम क्लबात खेळला जाणार होता. मी बसवलेला पहिलाच. तिथली आयटीतली पोरं गोड आहेत, पण एकच बाजू नेहमी जिंकते असं दिसलं तर खोका परत उघडायची नाहीत. आणि ते ठरतं टर्नच्या मर्यादेवर. जास्त दिले तर गाडीवाला फिरायला निघाल्यासारखा पोचतो, कमी दिले तर बिचारा निघतानाच मेलेला.

चाचणीला चंडीमंदिर छावणीच्या क्वार्टरात एकच माणूस हाताशी. आमचे हे, कर्नल नंदकुमार. सगळी नोकरी फौजेला रसद पुरवण्यात गेलेली, म्हणून गाड्या त्यांच्याकडे.

ते कधी आठव्या टर्नला धापा टाकत पोचायचे, कधी एका घराने चुकायचे. "काय डाव बसवलायस, मंजुषा! एकदम पक्का!"

मी आधी खूश झाले. मग फाशांवर संशय घेतला, ते टाकून टाकून पाहिले. फासे सरळ होते. मग स्वतःवर घेतला. इतकं अचूक मला कधी काही जमलंय? माझा केकसुद्धा एका बाजूने बसतो.

एका संध्याकाळी मी सहज म्हणाले, "अहो, मर्यादा दहा केलीय."

"बरं केलंस. घाट अवघड आहे."

बाकी काही बदललं नव्हतं. हे दहाव्या टर्नला पोचले. धापा टाकतच. आणि मधे एक अख्खा टर्न गाड्या उघड्या माळावर उभ्या, किल्ला दोन घरांवर!

"हे काय?"

"बैलांना विश्रांती नको का?"

"पुठ्ठ्याच्या बैलांना?"

त्यांनी नकाशात डोकं खुपसलं. मला हवं ते कळलं होतं, पण पुरावा हवा होता. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "आज मर्यादा सांगणार नाही. मी थांबा म्हणेन तेव्हा थांबायचं."

"असं कसं? कधीपर्यंत पोचायचं ते कळायला नको?"

"का बरं?"

त्यांनी फासे उचलले. किती रेंगाळायचं तेच कळेना, म्हणून नाइलाजाने नीट खेळले. पाचव्या टर्नला सगळ्या गाड्या किल्ल्यात. मी हातातला शिपाई खाली ठेवला.

"म्हणजे आठ टर्नमध्ये तुम्ही कधीही हरला नसता."

"अगं, तू इतक्या हौसेने आठ ठरवले होतेस. म्हटलं, बरोबर ठरू देत."

छावणीतल्या लेडीज मीटमध्ये कुणाचाही ढोकळा कसाही होवो, टाळ्या वाजतात. तीस वर्षं यांनीही वाजवल्या. माझा किल्ला त्यांना ढोकळाच वाटला.

"रविवारी पोरं पहिल्याच डावात ओळखतील," मी म्हणाले. "तिथे माझ्यासाठी बैल थांबवणारं कुणी नाहीये."

ते कान खाजवत राहिले. मग हळूच, "किती ठेवणार?"

"सहा."

"सहा? घाटात एकदा अडकलो की संपलं!"

"मग अडकू नका."

हा रागही खरा की माझ्यासाठी, तेवढा संशय उरलाच होता. मांडला डाव. चौथ्या टर्नला मी घाट अडवला. त्यांनी बोटाने घरं मोजली, मग अर्ध्या गाड्या माझ्या तोंडी सोडून उरलेल्या नदीतून काढल्या आणि सहाव्याला पोचले. आठ टर्न असताना असा जीव तोडून निर्णय त्यांनी एकदाही घेतला नव्हता. घ्यायची गरजच नव्हती.

"आता बाजू बदला," मी म्हणाले. "गाड्या माझ्या."

चहा आणला, त्यांनी पाहिला नाही. पाचव्या टर्नला किल्ला हाताच्या अंतरावर असताना त्यांनी माझी शेवटची गाडी जाळली. माझ्याकडे न बघता.

"अहो, एक तरी ठेवायची!"

"का म्हणून? पहारा न ठेवता निघालीस, मॅडम. कोर्ट मार्शल झालं असतं."

दोन्ही बाजू एकेकदा जिंकल्या होत्या. मी दोन्ही वेळा हरले होते. क्लबच्या ऋतुराजला मेसेज केला: मर्यादा सहा.

त्याचं उत्तर आलं, "काकू, डाव पक्का ना?"

"पक्का," मी लिहिलं. समोर हे गाड्या पुन्हा मांडत होते. पहारेकऱ्यांसकट.