खळीच्या वासाचे पिल्लू

बुधवार, १४ ऑक्टोबर १९३६, सकाळी सव्वासात. शहापुरातील आमच्या घरात त्या क्षणी माणसे तीन, मांजर एक आणि कुत्र्याचे पिल्लू एक.

पिल्लू माझी विधवा बहीण जयाबाई हिने लष्करी कॅम्पातून पदरात आणले होते. त्याच्या कानांत गोचिडांचे घोस लोंबत होते, डोळ्यांत पिवळी घाण साचली होती. जमिनीवर ठेवताच ते ओकले आणि ओकलेले पुन्हा चाटू लागले. मी न्याहारीचे ताट दूर सारले.

घरात विणकामाचा माग असल्याने मांजर आम्हांस आवश्यक. पेजेची खळ लावलेले सूत उंदीर कुरतडतात. मांजर घर सोडून गेले तर पिल्लू सायंकाळी परत जाईल, असे मी स्पष्ट सांगितले. कॅम्पातले लोक त्याला नाल्यात टाकणार होते, हे जयाबाईने आधीच सांगितले होते.

ती एवढेच म्हणाली, "अण्णा, ह्या घरात माझ्या मागनं येणारं दुसरं कोण हाय?"

तांत्रिक महाविद्यालयात शिकलेल्या माणसाने प्रथम स्वच्छता पाहावी, म्हणून चिमट्याने गोचिडी काढल्या. प्रत्येक गोचीड फुटताना मी तोंड फिरवत होतो. मग कार्बोलिक साबणाने पिल्लाला दोनदा धुतले आणि मांजरासमोर ठेवले. मांजराने एकदा हुंगले, फिस्कारले आणि कौलांवर जाऊन बसले. दुपार झाली तरी दुधालाही उतरेना. जयाबाई अंगणात मान वर करून बसली होती.

चार वाजता धाकटा भाऊ तम्मण्णा याने मागाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, पाजण्यासाठी आंबलेल्या खळीचा हंडा अंगणात आणला. दुर्गंधीने मी नाकाला उपरणे लावले. तेवढ्यात पिल्लू काठावर चढले आणि आत पडले. जयाबाईने मानगूट धरून बाहेर काढले, तेव्हा नाकातोंडातून आंबट पेज गळत होती.

मांजर कौलांवरून उतरले. त्याने पिल्लाला हुंगले, पंजाने दाबून धरले आणि कानापासून शेपटीपर्यंत चाटू लागले. उरलेली एक गोचीडही त्याने चावून गिळली.

"बघतोस काय, अण्णा," तम्मण्णा म्हणाला. "आपण तिघं जल्मभर ह्याच वासात. आता हे बी आपल्यातलंच झालं. तुजा साबण तेवढा परका निघाला."

जयाबाई पदराने तोंड झाकून हसत होती. मी खळ गटारात ओतायला सांगितली आणि हात तीनदा धुतले. वास गेला नाही.

सायंकाळी सहा वाजता घरात: माणसे तीन, मांजर एक, कुत्रे एक.