नळावरची नीळ

मी एक जुना पितळी नळ आहे. लेथ यंत्रावर माझे आटे कातले गेले, डोक्यावर गोल मूठ बसली आणि मी एका पाळणाघराच्या मोरीत आलो.

मित्रांनो, हे पाळणाघर दोघी जावा चालवतात. थोरली बाळांची दुपटी बदलते, धाकटी स्वयंपाक करून मुलांना भरवते. सुरुवातीला धाकटी मला चिंचेने लखलखीत करायची. पुढे कामाच्या रगाड्यात मी काळवंडलो.

मग एकेका मुलाला जुलाब होऊ लागले. सगळ्यांत लहान छकुली तर दवाखान्यात सलाइनवर गेली. डॉक्टर म्हणाले, "जंतू हातांवरून पसरत असणार. या जातीचे थोडेसेही आजारी पाडायला पुरतात. साथ थांबली नाही, तर पाळणाघर बंद ठेवा."

"पाणी उकळतो, अन्न झाकतो," धाकटी म्हणाली. "आता मुलांनाच उकळायचं बाकी राहिलंय."

"आणि मी हात धुऊन धुऊन साबणाचा पार कागद केलाय," थोरली फणकारली.

"तुमच्यावर संशय नाही, जाऊबाई. पण जंतू दिसत नाहीत, तर दिसेल असं काहीतरी लावून बघू. हात करा पुढे."

तिने कपड्यांची नीळ तेलात कालवून थोरलीच्या हातांना फासली. "ही दुपट्यावरची घाण समजा. आता रोजच्यासारखे हात धुवा."

थोरलीने मला उघडले, साबणाने हात चोळले. निळीचा ठिपकाही उरला नाही. तिने ऐटीत मला बंद केले. धाकटीने तिचा तळवा उलटा केला. बोटे पुन्हा निळी झाली होती. माझी मूठही निळी होती.

"म्हणजे धुतलेली घाण मी परत उचलत होते," थोरली हळूच म्हणाली.

"आणि हीच मूठ फिरवून मी मुलांना भरवत होते."

मग थोरलीने पदर खोचला. "प्लंबरला बोलाव. तो येईपर्यंत हाताबरोबर नळही साबणाने धुवायचा. कुणालाही सूट नाही."

प्लंबरने माझी गोल मूठ काढून लांब दांडा बसवला. आता मला कोपराने बंद करतात. आजारी मूल पूर्ण बरे होईपर्यंत घरीच राहते. साथ ओसरली. छकुली परत आली आणि थोरलीच्या कडेवरून आपले इवलेसे कोपर माझ्याकडे पुढे करू लागली.

मित्रांनो, शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. तुमच्या घरच्या नळाला गोल मूठ असेल, तर तीही धुवा. मला चिंचेची चकाकी नको. तुमच्या हातावरचा थोडा फेस तेवढा मला द्या.